जीभ आणि हात : नव्या विश्वासणाऱ्यासाठी रोजच्या जगण्यातल्या काही पायऱ्या

नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो, "आता मी काय करू?" त्याला सांगितलं जातं, शास्त्र, म्हणजे बायबल, वाच, प्रार्थना कर, उपासनेला येत जा. सगळं खरं आहे, त्यावाचून पुढचं काहीच उभं राहत नाही. पण उपासना संपते, आपण घरी येतो, कुणीतरी आपल्याला न विचारता आपलं काहीतरी हलवलेलं असतं, आणि आपल्या तोंडून जे बाहेर पडतं त्यात शास्त्राचा मागमूसही नसतो. मी त्या जागी पुष्कळदा उभी राहिले आहे. हा लेख त्या जागेसाठी आहे.

जीभ आणि हात यांना वेगवेगळी शिकवणी लावता येत नाही, असं माझं मत आहे. गोड बोलून हात आखडता घेणारा आणि मदत करता करता टोचून बोलणारा, दोघांचं दुखणं एकच : समोरच्या माणसाच्या जवळ जायची त्यांची तयारी नसते. म्हणून खालच्या पायऱ्यांत बोलणं आणि करणं एकमेकांत मिसळून येईल. एकेका पायरीला आठवडा, पंधरवडा, हवा तितका वेळ द्या.

पहिली पायरी : आठवडाभर स्वतःला ऐका

बायबलच्या नव्या करारातलं याकोबाचं पत्र अवघ्या पाच अध्यायांचं आहे, आणि त्यातल्या तिसऱ्या अध्यायाचा मोठा भाग जिभेवर खर्ची पडला आहे. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, अशी एकामागून एक उदाहरणं तो देतो. मग म्हणतो, याच जिभेने आपण देवाचा धन्यवाद करतो आणि याच जिभेने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसांना शाप देतो. हे तो विश्वासणाऱ्यांनाच सांगतो आहे, "माझ्या बंधूंनो" अशी हाक मारून.

पहिल्या आठवड्यात काहीही सुधारायला जाऊ नका. रात्री झोपण्याआधी दिवसभरातली आपली तीन वाक्यं वहीत लिहा, जशीच्या तशी. "आज चिडले" असं लिहून भागणार नाही. "तुला एकदा सांगून कळत नाही का?" हे वाक्य लिहा, आणि पुढे ते कुणाला म्हटलं तेही लिहा.

चार-पाच दिवसांत एक गोष्ट दिसायला लागते. जे आपल्याला उलट बोलू शकतात त्यांच्याशी आपण जपून बोलतो, आणि जे बोलू शकत नाहीत त्यांच्यावर आपली धार चालते : मुलं, घरातली म्हातारी माणसं, आपल्या हाताखाली काम करणारे. माझ्या बाबतीत हे माझ्या मुलीने दाखवून दिलं. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका बाईंशी मी फोनवर बोलत होते. त्यांच्या दुखण्याची चौकशी केली, एक वचन सांगितलं. फोन ठेवला आणि वळून मुलीवर ओरडले, कारण दप्तर वाटेत पडलं होतं. ती दप्तर उचलता उचलता म्हणाली, "आई, तो फोनवरचा आवाज आमच्यासाठी का नाही?" त्या रात्री वहीत मी माझं वाक्य न लिहिता तिचंच लिहिलं.

सकाळी म्हणायला १४१व्या स्तोत्रातली एक ओळ पुरेशी आहे : हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव, माझ्या ओठांचं द्वार सांभाळ. पाठ करायला सोपी आहे, आणि नेमक्या वेळी आठवते.

दुसरी पायरी : कुजकं ओळखायला शिका

इफिसकरांस पत्रात (४:२९) प्रेषित पौल म्हणतो, तुमच्या मुखातून कसलंच कुजकं भाषण न निघो. मूळ ग्रीक शब्द आहे "साप्रोस". मत्तयाच्या शुभवर्तमानात वाईट फळाला आणि जाळ्यात आलेल्या, फेकून द्यायच्या मासळीला हाच शब्द वापरला आहे. म्हणजे पौलाच्या डोळ्यांपुढे फक्त शिवीगाळ नाही. वास मारायला लागलेलं, खाणाऱ्याला आजारी पाडणारं, असं सगळंच बोलणं त्यात येतं. टोमणा येतो, सगळ्यांसमोर केलेला पाणउतारा येतो, नसलेल्या माणसाबद्दलची कुटाळकी येते.

त्याच वचनाच्या उरलेल्या भागात तीन कसोट्या आहेत. जे बोलायचं ते गरजेपुरतं आहे का? त्याने समोरचा उभा राहील का? ऐकणाऱ्याला त्यातून कृपा मिळेल का? बोलताना तिन्ही आठवत नाहीत. सुरुवातीला पहिलीच धरा, कारण निम्मं कुजकं बोलणं तिथेच गळून पडतं.

एक प्रकार विशेष जपून ओळखावा लागतो, कारण तो भक्तीची वस्त्रं घालून येतो. "तिच्यासाठी प्रार्थना करायला हवी हं, तिच्या घरात ना..." आणि मग एखाद्या घरातली भांडणं, कर्ज, मुलाचं वागणं सगळं चारचौघांपुढे उलगडलं जातं. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली चहाडी ही चहाडीच असते. मी स्वतःला यासाठी नियम घालून घेतला आहे : ज्याची गोष्ट आहे त्याला विचारल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. देवाला नाव सांगितलं की पुरे, त्याला तपशील ठाऊक आहेत. कुणी दुसरं असं सुरू केलं तर उपदेश करू नका, फक्त विचारा, "तू तिच्याशी बोललीस का याबद्दल?" बहुतेक वेळा संभाषण तिथेच थांबतं, आणि कधी कधी समोरची खरंच उठून तिच्याकडे जाते. मत्तय १८:१५ मध्ये प्रभू येशूने हाच क्रम सांगितला आहे. भावाने अपराध केला असेल तर आधी त्याच्याकडे एकट्याने जा आणि एकांतात बोल.

मृदू बोलणं म्हणजे खोटं बोलणं, असा समज मात्र करून घेऊ नका. होय तर होय आणि नाही तर नाही, हीसुद्धा प्रभूचीच आज्ञा आहे. येतो म्हणून न जाणं, पैसे परत देतो म्हणून टाळत राहणं, ही गोड शब्दांतली कठोर वागणूकच झाली.

तिसरी पायरी : दुःखाजवळ गप्प बसा

नव्या विश्वासणाऱ्याला वचनं नवी नवी मिळालेली असतात आणि ती वाटून टाकावीशी वाटतात. ती ओढ सुंदर आहे. पण शोकाच्या घरी ती आवरावी लागते.

मुलंबाळं, धन, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आठवा. त्यांची आठवण आपण वाईट मित्र म्हणून ठेवतो, पण त्यांची सुरुवात उत्तम होती. ते लांबून आले, रडले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. मग अध्यायामागून अध्याय ते त्याला कारणं सांगत राहिले, आणि शेवटच्या अध्यायात देव त्यांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. देवाची बाजू मांडायला गेलेल्यांना देवानेच हे ऐकवलं.

आणि येशू आपला मेलेला मित्र लाजार याच्या कबरेपाशी रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असूनही रडला. मला हे वाक्य दरवेळी थांबवतं. ज्याच्याजवळ खरंखुरं उत्तर होतं तोही आधी रडला.

तेव्हा शोकाच्या घरी काही वाक्यं बाहेरच ठेवून जा : "देवाची इच्छा होती", "तो आता चांगल्या ठिकाणी आहे", "सगळं चांगल्यासाठीच होतं", आणि "माझंही अगदी असंच झालं होतं". यातली काही खरीही असतील, पण ती त्या घटकेची नसतात. रोमकरांस पत्राचं १२:१५ सांगतं, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. तिथे समजूत घाला असं लिहिलेलं नाही. जाऊन बसा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. नाव कुणी घेत नाही याचं घरच्यांना फार वाटत असतं. आठवण असेल तर सांगा, नसेल तर ऐका. प्रार्थना करू का असं विचारा, आणि "आत्ता नको" म्हटलं तर ते मनावर घेऊ नका.

चौथी पायरी : "मी तुझ्यासाठी काय करू?"

मार्काच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय भीक मागत बसलेला आहे. तो ओरडतो, लोक त्याला दटावतात. येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? त्याला काय हवं हे सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी येशूने विचारलं. ज्याला आतापर्यंत सगळे गप्प बस म्हणत होते, त्याला त्याने बोलायला लावलं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या अंधांच्या घराचं नाव "बार्तिमी सदन" होतं, आणि तिथे निवाऱ्याबरोबर वाचायला आणि हाताने काम करायलाही शिकवत. अंधाला फक्त अन्न हवं असतं असं धरून चालणाऱ्यांना हे सुचलं नसतं.

मला हे एका दवाखान्यात उमगलं. मंडळीतले एक आजोबा तिथे भरती होते. मी शास्त्र घेऊन गेले, खुर्ची ओढली आणि स्तोत्र वाचायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. मला वाटलं, आशीर्वाद देताहेत. ते म्हणाले, "बाई, आधी माझा चष्मा पुसून देता का? चार दिवस सगळं धुरकट दिसतंय." चष्म्यावर औषधाचे वाळलेले थेंब होते, बोटांचे ठसे होते, एका काडीला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. नळाखाली धरून धुतला, पदराने पुसला, त्यांच्या कानांवर बसवला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे, मग हात पुढे करून शास्त्र मागितलं आणि २३वं स्तोत्र मलाच वाचून दाखवलं.

विचारण्याचीही एक रीत असते. "काही लागलं तर सांग" हे वाक्य आपण मनापासून म्हणतो, पण त्यात ओझं पुन्हा दुखणाऱ्याच्याच डोक्यावर जातं. आता त्याने विचार करायचा, संकोच गिळायचा आणि तोंड वेंगाडायचं. त्यापेक्षा दोन ठरावीक गोष्टी पुढे ठेवा : "उद्या सकाळी मी मुलांना शाळेत सोडू, की दवाखान्यात तुझ्या जागी दोन तास बसू?" निवड त्याची, आणि "दोन्ही नको" म्हणायची मोकळीकही त्याचीच.

पाचवी पायरी : एकच काम धरा आणि तडीस न्या

शुभवर्तमानांत "कळवळा आला" असं जिथे येतं, तिथल्या ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी आतडी आहेत. आपणही म्हणतोच की, आतडं तुटलं, पोटात कालवलं. लूकाने हे क्रियापद तीनदा वापरलं आहे : नाईन गावच्या, एकुलता मुलगा गेलेल्या विधवेपाशी येशूबद्दल, वाटेत लुटलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याबद्दल (शोमरोन प्रांतातल्या माणसाबद्दल), आणि घरी परतणाऱ्या मुलाच्या बापाबद्दल. तिन्ही जागी कळवळ्याच्या आधी "पाहिलं" असं आहे, आणि नंतर पाऊल उचललेलं आहे. येशू तिरडीजवळ जातो, शोमरोनी जखमी माणसाजवळ जातो, बाप धावत जातो. कळवळा आला आणि तिथेच उभा राहिला, असं तिन्हींपैकी कुठेही घडत नाही.

शोमरोन्याची गोष्ट (लूक १०) नव्या माणसाने एकदा हिशेबनीस होऊन वाचावी. यरुशलेमहून यरीहोला जाणारी ती वाट उतरणीची, ओसाड, लुटारूंना सोयीची. तो माणूस काय काय करतो पाहा : जवळ जातो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवतो, म्हणजे स्वतः पायी चालतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर बघतो. दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून देतो. दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा ही दोन दिवसांची कमाई झाली. आणि म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन.

यातली एक गोष्ट लोकांच्या नजरेतून निसटते. दुसऱ्या दिवशी तो निघून जातो. आपला प्रवास त्याने रद्द केला नाही, जखमी माणसाला जन्मभर पाठीवर घेतलं नाही. जे आपल्याला करता येईल ते पुरतं केलं, पुढचं काम ज्याला जमतं त्याच्या हाती सोपवलं, आणि परत येऊन विचारपूस करण्याचा शब्द दिला. सुरुवातीला आपण दहा जणांना शब्द देतो आणि एकालाही पुरे पडत नाही. मीही एकीला "तुझ्यासाठी रोज प्रार्थना करीन" म्हटलं होतं. तीन आठवड्यांनी ती भेटली आणि म्हणाली, "तुमच्या प्रार्थनेचाच आधार वाटतोय." मी एकदाही केली नव्हती. तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहून मी तिला खरं सांगितलं, आणि तिथेच आम्ही दोघींनी प्रार्थना केली. तेव्हापासून प्रार्थनेचा शब्द दिला की शक्यतो त्याच जागी, त्याच वेळी करते.

म्हणून महिन्याला एक माणूस, एक काम, एवढंच धरा. आजारी शेजाऱ्याचा अर्ज भरून देणं, एकट्या राहणाऱ्या बाईंना ठरलेल्या वारी भेटणं, तुरुंगात असलेल्याच्या घरच्यांची विचारपूस. मत्तयाच्या २५व्या अध्यायात प्रभू ज्यांची नावं घेतो ते भुकेले, तहानलेले, परके, उघडेवाघडे, आजारी आणि कैदेतले आहेत. त्यांच्यापैकी एक जण तरी आपल्या ओळखीत असतोच. जे आपल्या आवाक्यातलं नाही, जसं की व्यसन, मनाचा गंभीर आजार, घरातली मारहाण, तिथे जाणकाराकडे पोचवणं हेच आपलं काम. मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर आणि घरी जा" असं शास्त्राच्या नावाने कधीही सांगू नका. आधी तिला सुरक्षित जागी न्या.

मदतीच्या बदल्यात काही मागू नका. श्रद्धाही नाही, उपासनेची हजेरीही नाही. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, एकच परतून आभार मानायला आला. उरलेल्या नऊ जणांचं बरेपण येशूने काढून घेतलं नाही. आणि फोटो काढू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं सांगणाऱ्याचे आपण अनुयायी आहोत.

सहावी पायरी : चुकलात तर "पण" न लावता माफी मागा

चुकणार आहातच. डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय ५:२३-२४) प्रभू सांगतो, अर्पण वेदीपाशी आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. उपासना थांबली तरी चालेल, इतकं हे निकडीचं आहे.

माफीचं वाक्य लहान असावं. काय बोललो किंवा केलं ते नेमकं सांगा, ते चूक होतं म्हणा, क्षमा मागा आणि थांबा. "मी ओरडले, पण तूही..." असं म्हटलंत की माफी संपली आणि भांडण पुन्हा सुरू झालं. मुलांचीही माफी मागा. घरातलं वजन कमी होईल ही भीती खोटी आहे, हे मी अनुभवाने सांगते. समोरच्याने लगेच क्षमा केली नाही तर त्याला वेळ घेऊ द्या. तो त्याचा हक्क आहे.

सातवी पायरी : एकट्याने ओढू नका

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतच कुरकुर झाली, की रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. सात जण निवडून काम वाटून दिलं. तेव्हा जोडीदार शोधा, शक्यतो आपल्यापेक्षा वयाने किंवा विश्वासात मोठा. दर आठवड्याला त्याला दोनच गोष्टी सांगा : जीभ कुठे घसरली आणि धरलेलं काम कुठवर आलं. आणि विश्रांती घ्या. येशूनेही थकलेल्या शिष्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या, असंच म्हटलं होतं.

त्याच पुस्तकाच्या नवव्या अध्यायातली तबीथा मला या बाबतीत फार जवळची वाटते. ती मरण पावते, पेत्र येतो, आणि माडीवर जमलेल्या विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवतात. तबीथाचं बोललेलं एकही वाक्य शास्त्रात नोंदलेलं नाही. शिवण मात्र त्या बायकांच्या हातात होती.

आठवी पायरी : कुणी विचारलं तर

हे सगळं काही महिने चाललं की केव्हातरी कुणीतरी विचारतंच, "तू हे का करतेस?" पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) म्हटलं आहे, तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. तेव्हा तयारी आत्ताच करून ठेवा. दोन-तीन वाक्यं, आपल्या रोजच्या भाषेत, उपासनेतल्या जड शब्दांवाचून. माझी अशी आहेत : "माझ्या वाईट दिवसांत एक जण रोज येऊन माझ्याजवळ बसायची. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, येशू माझ्याशी असाच वागला. मग मीही त्याला शोधलं." एवढं सांगून थांबा. पुढे विचारलं तर बसून सांगा. नाही विचारलं तर हातातलं काम पुढे चालू ठेवा.